वजन किती, याआधी वजन कशाचे: चाळिशीनंतरच्या आहार-व्यायामाची घरगुती मोजदाद

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र काढलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा आकडा, २२.३ इतकाच होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय ठेवण आहे, आणि वजनकाटा ती दाखवू शकत नाही. चाळिशीनंतर वाढणाऱ्या आजारांचा धोका कमी करायचा असेल, तर काट्यावरील आकड्याचा पाठलाग करण्याऐवजी पोटाची चरबी कमी करणे आणि मांडीचा स्नायू टिकवणे, ही दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. पुढील सूचना त्याच बेताने दिल्या आहेत.

आधी तीन मोजमापे

पहिले मोजमाप पोटाचे. त्यासाठी शिंप्याकडची साधी टेप पुरते. सरळ उभे राहावे, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून त्या दोहोंच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धरावी, श्वास सहज सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. पँटच्या मापावर विसंबून राहू नये, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो आणि वीस वर्षे माप ‘चौतीस’च आहे असे समाधानाने सांगतो.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियॅब’ पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे या बाबतीत बोलके आहेत. वजनाच्या निकषावर लठ्ठ ठरणारे प्रौढ २८.६ टक्के होते, तर पोटाच्या घेराच्या निकषावर ३९.५ टक्के. म्हणजे देशातील फार मोठा समूह असा आहे, ज्याला वजनकाट्याने ‘ठीक’ म्हटले आणि टेपने नाही. याच पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

दुसरे मोजमाप पायांचे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवावेत आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसावे. यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांची ताकद घटू लागली आहे असे आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९ चा निकष सांगतो. वयस्क व्यक्तीने ही चाचणी एकट्याने करू नये. शेजारी कोणीतरी उभे असावे.

तिसरे मोजमाप वजनाचेच, पण त्याचा अर्थ भारतीय मर्यादांप्रमाणे लावावा. आपल्यासाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा सुरू होतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोच्या पुढे गेले की पहिली मर्यादा ओलांडली जाते. युरोपीय तक्त्यांत हीच मर्यादा २५ आणि ३० अशी दिलेली असते; मोबाइलवरील अनेक गणकयंत्रे तीच वापरतात आणि आपल्याला फुकटचे अभय देतात.

हे तिन्ही आकडे रक्तदाबासह एका वहीत तारीख घालून लिहावेत आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावेत. वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी आणि चरबीच्या घटकांची तपासणी करून तेही त्याच वहीत नोंदवावे.

पोट आणि स्नायू यांचा आजारांशी संबंध

जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात आणि साठवून ठेवतात. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. कोठार आकुंचन पावते, पण येणारा माल तेवढाच राहतो. त्यातच पोटातील आणि यकृतातील चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन तयार करावे लागते आणि काही वर्षांनी ते थकते. मधुमेह हा या साखळीचा एक दुवा आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि मूत्रपिंडाचे विकार याच वाटेने येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली शरीरातील अतिरिक्त चरबीचा १३ प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्यांत रजोनिवृत्तीनंतरचा स्तनांचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग येतो.

दुर्बल स्नायूंचा दुसरा परिणाम पडण्याचा. तोल जातो, सावरता येत नाही आणि रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ झालेले खुब्याचे हाड मोडते. आपल्याकडे ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असे सांगून हा विषय संपवला जातो. वास्तविक पाय घसरण्याआधी दहा वर्षे मांडी बारीक होत असते.

जीवनशैलीत बदल केल्याने फरक पडतो, याचे सर्वांत भक्कम पुरावे मधुमेहाच्या बाबतीत आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या प्रयोगात सुमारे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे ही उद्दिष्टे दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. साठीपुढील व्यक्तींमध्ये आहार-व्यायामाचा लाभ ७१ टक्क्यांपर्यंत गेला, त्यामुळे ‘आता या वयात काय’ हा प्रश्न निदान या आजारापुरता निकालात निघतो. २००६ साली चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला भारतीय प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींपैकी नेहमीप्रमाणेच राहिलेल्यांत तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर खाणे सुधारून रोज चालणाऱ्यांत ३९.३ टक्के लोकांना. आणि हे घडले ते वजनात म्हणावा तसा फरक न पडता. महिनाभर चालूनही काटा हलत नाही म्हणून चालणे सोडून देणाऱ्याने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

स्वयंपाकघराचा महिन्याचा हिशेब

प्रत्येक घास मोजण्याचा सल्ला कोणी फार दिवस पाळत नाही. त्यापेक्षा किराण्याच्या यादीवरून हिशेब लावणे सोपे जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या २,००० कॅलरींच्या ताटात तेल आणि तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम असतात. चार माणसांच्या घरात महिन्याला हे प्रमाण साधारण सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास येते. पाच लिटरचा डबा महिना संपायच्या आत रिकामा होत असेल, तर ‘आमच्याकडे तेलकट काही होतच नाही’ या विधानाला आधार राहत नाही. उपाय फोडणीतच आहे: तेल डब्यातून थेट कढईत ओतू नये, महिन्याचा वाटा वेगळ्या बरणीत काढून चमच्यानेच घ्यावे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

मिठाचा हिशेबही असाच करावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर मर्यादा ओलांडली गेलीच, आणि लोणचे, पापड, फरसाण, पाव, सॉस यांतून येणारे मीठ त्या पिशवीत धरलेले नसते. ताटात डाव्या बाजूला मीठ वाढण्याची आपली पद्धत सुंदर असली तरी रक्तदाब असलेल्याच्या ताटात ती जागा लिंबाच्या फोडीला द्यावी. कमी सोडियमचे मीठ वापरताना एक दक्षता घ्यावी: त्यात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

साखर बहुतेक वेळा चहातून जाते. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन लहान चमचे धरले तरी ३० ते ४० ग्रॅम साखर झाली. एकदम बिनसाखरेचा चहा पिण्याची प्रतिज्ञा आठवडाभर टिकते; दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही. गूळ घातला म्हणजे साखर टळली, असे मात्र समजू नये.

आता प्रथिनांकडे येऊ, कारण महाराष्ट्रीय ताटाची खरी उणीव तेथे आहे. प्रौढांसाठी दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात आणि साठीनंतर स्नायू टिकवण्यासाठी बहुतेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ६० किलो वजनाच्या आजोबांना म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम किंवा थोडी अधिक. प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. सकाळी पोहे आणि चहा, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी आणि भात, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री ‘हलके’ म्हणून मऊ खिचडी किंवा दूध-भात. या दिवसभराच्या खाण्याची बेरीज ३५ ग्रॅमच्या आसपास रेंगाळते. आमटी पातळ होत जाते, दात गेल्यामुळे उसळ बंद होते आणि वय झाले म्हणून रात्रीचे जेवण आणखी हलके होते. वृद्धांना हलके खाऊ घालण्यामागे माया असते यात शंका नाही, पण स्नायू त्याच मायेने वाळतात.

ही तूट भरून काढण्यासाठी पावडरच्या डब्यांची गरज नसते. मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची वाटीभर घट्ट उसळ सुमारे ९ ते १० ग्रॅम, वाटीभर दही ५ ग्रॅम, मूठभर फुटाणे ६ ग्रॅम, एक अंडे ६ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम बांगडा जवळजवळ २० ग्रॅम प्रथिने देतो. दात नसतील तर उसळ कुस्करावी, फुटाण्यांचे पीठ ताकात कालवावे, मुगाचे धिरडे करावे. आमटीऐवजी घट्ट वरण किंवा पिठले करावे. पिठल्याला तेलाची धार मात्र बेताची असावी. प्रथिने एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्यावीत. कोकणात आणि गोव्यात मासा रोजचा आहे, तेथे तळलेल्या तुकडीपेक्षा कालवण किंवा हुमण बरे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे.

प्रथिने वाढवताना धान्य तेवढेच ठेवले तर पोट वाढेल, म्हणून ताटाची मांडणीच बदलावी लागते. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात उसळ, डाळ, अंडे किंवा मासा आणि उरलेल्या पाव भागात पोळी, भाकरी किंवा भात यांपैकी एक असावे. बहुतेक घरांत पोळी झाल्यावर भात ‘मागचा’ म्हणून येतो. तेथे दोहोंपैकी एकाची निवड करावी. ज्वारी-बाजरीची भाकरी तंतुमय आहे, नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, हे सर्व खरे. परंतु भाकरी आहे म्हणून तीन खाव्यात असा त्याचा अर्थ होत नाही. उपवासाच्या साबुदाण्याबद्दल एवढेच सांगतो की तो जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे आणि मधुमेह्याच्या एकादशीला त्याच्याइतका प्रतिकूल पदार्थ शोधून सापडणार नाही. वरईचे तांदूळही धान्यच आहेत. त्या दिवशी दही, ताक, शेंगदाणे, रताळ्याचा छोटा तुकडा आणि फळ यांवर भागवावे.

तंबाखू, मिश्री आणि मद्य यांच्याविषयी वेगळे विवेचन करण्याची गरज नाही. ती सुटल्याशिवाय वरील हिशेबाचा लाभ निम्माही पदरात पडत नाही.

चालणे, उठबस आणि तोल

व्यायामाच्या शास्त्राची एक सुरुवात लंडनच्या दुमजली बसमध्ये झाली. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी दाखवले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढ-उतार करून तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. बेस्टच्या दुमजली गाड्यांमधला अरुंद जिना चढलेल्या मुंबईकरांना या कामाची कल्पना येईल. १९५६ साली मॉरिस यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली तेव्हा चालकांच्या पँटचा कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचे आढळले. म्हणजे कारण केवळ जिना नव्हते, जाड कंबर आणि कमी हालचाल हातात हात घालून आल्या होत्या.

आजची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन दिवस तोलाचा सराव अशी आहे. मध्यम म्हणजे किती, हे ओळखण्याची सोपी खूण अशी की चालताना वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. उद्यानात गप्पा मारत फेऱ्या घालणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण गाणेही म्हणू शकतील अशा वेगाने चालतात. ते निरुपयोगी नाही, पण त्या मिनिटांची गणना १५० मध्ये करू नये. अजिबात सवय नसलेल्याने दहा मिनिटांपासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत.

जेवणानंतरच्या शतपावलीचे तत्त्व अचूक आहे, फक्त प्रमाण अपुरे आहे. शंभर पावले एका मिनिटात संपतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. त्यासाठी जेवल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटे संथ गतीने चालावे, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर.

चालल्याने हृदय सुधारते, पण मांडीचा आकार टिकवायला ते पुरत नाही. वर खुर्चीची जी चाचणी दिली आहे, तोच पहिला व्यायाम समजावा. एक दिवसाआड, दहा वेळा उठणे-बसणे असे दोन ते तीन संच करावेत. बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत खाली यावे. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. त्या सहज होऊ लागल्या की हातात लिटरभर पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात, पुढे पाठीवरील पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ घालावेत. त्याच्या जोडीला ओट्याला हात टेकवून टाचा उचलणे, भिंतीला टेकून ढकलण्याचे दंड आणि बाटल्या खांद्यापासून वर नेणे एवढे पुरे. तरुणपणी बैठका मारलेल्यांनी जुन्या आकड्यापासून आरंभ करण्याचा मोह आवरावा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी. गुडघेदुखी हे व्यायाम टाळण्याचे कारण नसून मांडी बळकट करण्याचे कारण आहे, आणि वजन एक किलोने उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

हे सर्व किती वयापर्यंत शक्य आहे, याचे उत्तर बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमाने १९९० साली दिले. सरासरी ९० वर्षे वयाच्या दुर्बल व्यक्तींनी आठ आठवडे पायांसाठी वजनांचा व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

तोलासाठी ओट्याजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद राहण्याचा सराव करावा. दात घासताना हे सहज जमते. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येणे असे काही होत असेल, तर तपासणीआधी व्यायाम सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी नव्याने व्यायाम सुरू करताना औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

वजन किती आणि किती वेगाने उतरवावे

जादा वजन असलेल्या व्यक्तीने सहा महिन्यांत ५ ते ७ टक्के वजन उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवावे. ७२ किलो वजन असेल तर चार ते पाच किलो. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक नको. केवळ खाणे तोडून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा असू शकतो. हे वजन परत येते तेव्हा मुख्यतः चरबी म्हणून येते, आणि लग्नसराईच्या आधी घटवलेले वजन दिवाळीपर्यंत परतल्यावर माणूस पूर्वीइतकाच जड पण पूर्वीपेक्षा दुबळा झालेला असतो. वहीत पोटाचा घेर कमी होत आहे आणि खुर्चीच्या चाचणीचे सेकंदही कमी होत आहेत, तोवर काटा स्थिर राहिला तरी दिशा योग्य आहे. घेर कमी होत असताना सेकंद वाढू लागले तर खाणे कमी करणे थांबवून प्रथिने आणि उठबस वाढवावी.

सत्तरीनंतर हा नियम बदलतो. त्या वयात थोडे जादा वजन तितके घातक नसते आणि दुबळेपणा अधिक घातक ठरतो, म्हणून स्वतःच्या मनाने आहार तोडू नये. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन उतरले, म्हणजे ६० किलोच्या आजींचे ५७ झाले, तर नातलग ‘बारीक झालात, बरे दिसता’ असे म्हणतात. परंतु यामागे क्षयरोग, थायरॉइडचा विकार, अनियंत्रित मधुमेह, कर्करोग, नैराश्य किंवा निव्वळ न बसणारी कवळी असू शकते. अशा वेळी वही घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे; वजन नेमके कधीपासून उतरू लागले हे त्यांना तारखेसह सांगता येईल.